टकऱ्याचा जयपाल, ऑक्सफर्डचा जयपाल

बैहर, बिरसा किंवा परसवाड्याकडचा एखादा गोंड किंवा बैगा मुलगा बारावी पास होतो आणि बाहेर शिकायला जायचं म्हणतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न विषय कोणता घेणार हा नसतो. राहणार कुठे, खाणार काय, शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत पैसे कोण पुरवणार, हे आधी विचारलं जातं. आणि सगळ्यात शेवटी, बहुधा आईकडून, हळूच विचारलं जातं की शिकून हा आपला राहील का. मुलगी असेल तर याच्या दुप्पट प्रश्न. बालाघाटकडून आलेल्या आपल्या मंडळातल्या मित्रमैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

हेच सगळे प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मुंडा मुलासमोर आले होते. त्याला जायचं होतं समुद्रापार. त्याचं नाव जयपालसिंह मुंडा. बहुतेकांना ते हॉकीमुळे माहीत असतं, कारण १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला ज्या भारतीय संघाने पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं त्याचा हा कर्णधार. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना ‘संविधानसभेतील आदिवासी प्रतिनिधी’ असं एका ओळीचं उत्तर पाठ असतं. मला मात्र या माणसाकडे विद्यार्थी म्हणून पाहायचं आहे. घरापासून हजारो मैल दूर, दुसऱ्याच्या पैशावर शिकलेला विद्यार्थी. कारण पुढे त्याने जे काही केलं, त्यातलं बरंचसं त्या दिवसांतून आलेलं दिसतं.

जन्म ३ जानेवारी १९०३. गाव टकरा, खुंटीजवळ, तेव्हाच्या रांची जिल्ह्यात. घरचं नाव प्रमोद पाहन. पाहन म्हणजे मुंडा गावातला पुजारी, गावाच्या देवाचं पाहणारा. जयपालसिंह हे नाव शाळेत लागलं. पहिलं नाव गावात ठेवून दुसऱ्या नावाने शहरात शिरणारा तो काही एकटा नव्हे. आपल्याकडेही शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेलं नाव आणि घरी हाक मारायचं नाव यांत कितीतरी वेळा ओळख लागत नाही.

तो जन्मला तो काळ आणि तो मुलूख लक्षात घ्यायला हवा. बिरसा मुंडांचा रांचीच्या तुरुंगात मृत्यू झाला ९ जून १९०० रोजी, म्हणजे जयपालच्या जन्माच्या जेमतेम अडीच वर्षं आधी. उलगुलानाची धग खुंटीच्या गावागावात अजून होती. जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या घशात जात होत्या. त्या लढ्याचा परिणाम म्हणून १९०८ साली छोटानागपूर काश्तकारी कायदा आला, पण कायदा येणं आणि जमीन परत येणं यांत फार अंतर असतं. अशा गावातल्या मुलाचं लहानपण जसं जातं तसंच याचंही गेलं. रान आणि गुरं, जोडीला गावातली मुंडारी बोली आणि आखाड्यातला नाच.

१९११ साली तो रांचीच्या सेंट पॉल शाळेत दाखल झाला. ही अँग्लिकन मिशनची शाळा. रांचीत तेव्हा तीन मिशनऱ्या जोरात होत्या. जर्मन ल्युथरन सगळ्यांत आधी, १८४५ पासून, मग अँग्लिकन आणि कॅथलिक. त्यांच्यात आपापसात स्पर्धा होती, धर्मांतरावरून वाद होते, आणि आदिवासी समाजात ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती अशी फूटही पडली होती. हे सगळं खरं आहे. त्याचबरोबर हेही खरं की मुंडा, उरांव आणि खडिया मुलांच्या हातात पाटी पहिल्यांदा दिली ती बहुतेक ठिकाणी याच शाळांनी. ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात शिकताना यातली एकच बाजू सांगून मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि जयपालच्या गोष्टीत ती सहसा कुणी सांगत नाही. १९१० च्या सुमारास हजारीबागच्या सेंट कोलंबा कॉलेजातला एक आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थी ढाक्याला विद्यार्थी परिषदेला जाऊन आला. परत आल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांची एक संघटना उभी केली. उद्देश साधा होता, गरीब आदिवासी मुलांना पुढच्या शिक्षणासाठी पैसे जमवायचे. पुढे १९१५ च्या आसपास यातूनच छोटानागपूर उन्नती समाज उभा राहिला आणि त्याने १९२८ साली सायमन कमिशनपुढे स्वतंत्र प्रांताची मागणी मांडली. म्हणजे ज्याला आपण आज झारखंडची चळवळ म्हणतो, तिच्या मुळाशी कॉलेजच्या पोरांनी पोरांसाठी काढलेली वर्गणी आहे! जयपाल तेव्हा शाळेत खालच्या वर्गात होता. त्याच्यापर्यंत मदत आली ती मात्र दुसऱ्या वाटेने.

शाळेचे मुख्याध्यापक होते कॅनन विल्यम कॉसग्रेव्ह. मुलगा अभ्यासात हुशार, हॉकीत त्याहून हुशार, हे त्यांनी हेरलं. १९१८ च्या सुमारास ते त्याला स्वतःबरोबर इंग्लंडला घेऊन गेले. मुलाचं वय पंधरा-सोळा. टकऱ्याहून रांची हाच ज्याच्या गावाला परदेश, त्या गावातला पोरगा आगबोटीत बसला. पहिलं महायुद्ध नुकतंच आटोपत होतं. घरच्यांना कधी भेटणार याचा कुणाला पत्ता नव्हता.

तिथे त्याला आधी कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन कॉलेजात ठेवलं. हे कॉलेज १८४८ साली सुरू झालेलं, साम्राज्यातल्या दूरदूरच्या मुलखांत पाठवायचे धर्मसेवक घडवण्यासाठी. तिथे पाठवण्यामागची अपेक्षा उघड होती. मुलगा शिकेल, पाद्री होईल, आपल्या माणसांत परत जाऊन मिशनचं काम करेल. यात वाईट हेतू शोधायचं कारण नाही. जो पैसा देतो त्याच्या मनात काहीतरी चित्र असतंच. आपल्या घरातले काका-मामाही फी भरताना पोराचा इंजिनिअर झालेला चेहरा डोळ्यांसमोर आणतातच की. पण ते चित्र आणि मुलाचा स्वतःचा कल जुळला नाही, की मदतीची कसोटी तिथे लागते. जयपाल पाद्री झाला नाही. १९२२ साली तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिरला, अर्थशास्त्र घेऊन ऑनर्ससह पदवीधर झाला, आणि कॉसग्रेव्हांचा आधार त्यामुळे तुटला नाही. कॉसग्रेव्हांचं मोठेपण मला इथे दिसतं. मुलाला बोटीत बसवणारे पुष्कळ असतात. आपण आखलेली वाट त्याने सोडल्यावरही पाठीशी राहणारे थोडे.

मराठी वाचकाला इथे दुसरा एक विद्यार्थी आठवल्याशिवाय राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, पण परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर सही करून. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले आणि राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसं बाहेर काढलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत. १९२० ते १९२३ या काळात ते पुन्हा लंडनला होते. म्हणजे एक वर्ष असं होतं, जेव्हा आपल्या महूत जन्मलेला एक विद्यार्थी लंडनच्या ग्रंथालयात पुस्तकं उपसत होता आणि छोटानागपूरचा दुसरा विद्यार्थी पन्नास-साठ मैलांवर ऑक्सफर्डच्या मैदानावर स्टिक फिरवत होता. दोघांनाही दुसऱ्याच्या कृपेने तिथवर जाता आलं, आणि कृपेवर शिकायचं म्हणजे काय ते दोघांनाही आतून कळलं होतं. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. यात मला योगायोग वाटत नाही. बाहेर राहून शिकलेल्या माणसाला आधी छप्पर आठवतं.

ऑक्सफर्डमध्ये जयपालला जागा मिळवून दिली ती हॉकीने. तिथे विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्याला ‘ब्लू’ हा मान मिळतो. हॉकीचा ब्लू मिळवणारा तो पहिला भारतीय विद्यार्थी. बचाव फळीत खेळायचा, डोकं शांत ठेवून खेळायचा. परक्या गावात गेलेल्या विद्यार्थ्याला फी आणि खोली याशिवाय आणखी एका गोष्टीची गरज असते. जिथे त्याला कुणी बिचारा समजत नाही, अशी निदान एक जागा लागते. कुणाला ती मैदानावर मिळते, कुणाला गाण्यात, कुणाला एखाद्या साहित्य मंडळात. ती नसली की मुलं पहिल्या दिवाळीला घरी जातात ती परत येत नाहीत.

त्यानंतर आली आयसीएस. इंडियन सिव्हिल सर्व्हिस म्हणजे त्या काळातलं शेवटचं टोक. जिल्ह्याचा साहेब. जयपालची निवड झाली आणि तो इंग्लंडमध्येच उमेदवारीचं प्रशिक्षण घेऊ लागला. १९२८ साली ऑलिंपिकसाठी भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच जाणार होता. मार्चमध्ये मुंबईहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने संघ निघाला तेव्हा निरोप द्यायला बंदरावर मोजून तीन माणसं होती. ध्यानचंद त्या बोटीत होते. कर्णधारपद जयपालकडे आलं. त्याने इंडिया ऑफिसकडे रजा मागितली. रजा मिळाली नाही. तो तरीही गेला.

ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-०, आणि २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंड ३-०. पाच सामन्यांत २९ गोल, अंगावर एकही नाही. शेवटच्या टप्प्यात जयपाल मैदानात नव्हता. संघाच्या व्यवस्थापकाशी खटके उडाले म्हणून तो बाजूला झाला असं सांगितलं जातं, आणि अंतिम सामन्यात नेतृत्व केलं ते ब्रूम पिनिगर यांनी. सुवर्णपदक जिंकलेल्या संघाचा कर्णधार अंतिम सामन्यात नाही, ही बोच त्याला आयुष्यभर राहिली असणार.

परत गेल्यावर आयसीएसच्या वरिष्ठांनी सांगितलं की विनारजा गेल्याबद्दल प्रशिक्षणाचं आणखी एक वर्ष करावं लागेल. जयपालने आयसीएस सोडून दिली.

इथे थोडं थांबायला हवं. आज आपल्यापैकी कुणी एमपीपीएससी किंवा यूपीएससीची मुलाखत पास झाल्यावर खेळासाठी ते सोडलं, तर गावात काय बोलतील? तेव्हाही बोलले असतील. ज्या मुलाला एवढा खर्च करून शिकवलं, त्याने कलेक्टरीला लाथ मारली. काहींना तो आजही लहरीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. आयुष्यभर मदत घेतलेल्या माणसाला लोक गृहीत धरतात. याने काय करायचं, कधी हो म्हणायचं, किती वाकायचं, हे दुसऱ्यांनीच ठरवायचं असा जणू अलिखित करार असतो. जयपालने तो करार मानला नाही. मिशनच्या बाबतीत शांतपणे मानला नाही, सरकारच्या बाबतीत उघडपणे मानला नाही. शिकवलं म्हणून विकत घेतलं नाही, एवढं त्याला स्वच्छ कळलं होतं.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती एका हुशार साहेबाची वर्षं आहेत. कलकत्त्याला बर्मा-शेल तेल कंपनीत मोठी नोकरी. तिथेच मोहन बागान क्लबच्या हॉकीला त्याने आकार दिला. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची नात तारा मजुमदार हिच्याशी लग्न. १९३४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, अचिमोटा कॉलेजात शिक्षक. १९३७ साली परत येऊन रायपूरच्या राजकुमार कॉलेजात. नंतर बिकानेर संस्थानात मोठा हुद्दा.

यातलं रायपूर आपल्याला जवळचं. राजकुमार कॉलेज १८८२ साली जबलपूरला सुरू झालं आणि १८९४ साली रायपूरला गेलं. मध्य प्रांतातल्या राजेरजवाड्यांच्या आणि जमीनदारांच्या मुलांसाठी ते होतं. तिथे एक मुंडा माणूस ऑक्सफर्डच्या पदवीसह शिकवतो आहे, आणि कॉलेजच्या कुंपणाबाहेर सगळा मुलूख गोंड, हलबा, कंवर लोकांचा, ज्यांच्या मुलांनी शाळेची पायरीसुद्धा पाहिलेली नाही! जमीनदारांच्या पोरांना घोड्यावर बसता यावं म्हणून तबेले होते. मांडला-बालाघाटच्या बैगा मुलांसाठी साधी प्राथमिक शाळाही अपवादाने असायची. जयपालला हे दिसत नसेल असं कसं म्हणावं?

गंमत म्हणजे याच सुमारास ऑक्सफर्डचाच दुसरा विद्यार्थी आपल्या भागात येऊन राहिला होता. व्हेरियर एल्विन. जयपाल सेंट जॉन्सला होता तेव्हा हा मर्टन कॉलेजात. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला आणि १९३२ पासून श्यामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राबरोबर मांडला जिल्ह्यातल्या गोंडांमध्ये राहू लागला. मांडला-बालाघाटच्या बैगांवरचं त्याचं मोठं पुस्तक १९३९ साली निघालं. इंग्रज माणूस जंगलात आला आणि जंगलातला माणूस इंग्लंडला जाऊन आला. बैगांविषयी जगाने वाचलं ते पहिल्याकडून. आदिवासी स्वतः काय म्हणतात हे दिल्लीने ऐकलं ते दुसऱ्याकडून.

१९३८ च्या अखेरीस जयपाल पाटणा आणि रांचीला आला. घर सोडून वीस वर्षं झाली होती. तोपर्यंत उन्नती समाज आणि इतर छोट्या संघटना एकत्र येऊन आदिवासी महासभा उभी राहिली होती. २० जानेवारी १९३९ रोजी रांचीत तिचं अधिवेशन भरलं आणि अध्यक्ष म्हणून जयपालला पुढे केलं. सूटबूट घातलेला, इंग्रजी थाटाचा हा माणूस, आणि समोर मैलोन्‌मैल चालत आलेली हजारो माणसं. ती त्याला परका समजून परत गेली नाहीत. त्याला त्यांनी ‘मरङ गोमके’ म्हटलं, म्हणजे थोर नेता. आई विचारते ना, शिकून हा आपला राहील का? जयपालच्या बाबतीत उत्तर यायला वीस वर्षं लागली. परतायला जागा तयार होती म्हणून तो परतू शकला, आणि ती जागा तयार केली होती त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वर्गणीवाल्या संघटनेने. एकट्या माणसाच्या कर्तबगारीच्या गोष्टीत हा धागा हरवू नये.

मदत घेऊन मोठं झालेले पुष्कळजण पुढे स्वतः मदत करतात, दोन-चार मुलांची फी भरतात. जयपालने मागितलं ते वेगळं. त्याला आपल्या लोकांसाठी दुसरा कॉसग्रेव्ह नको होता. भला पाद्री, भला राजा, भला कलेक्टर भेटला तर शिकायचं आणि नाही भेटला तर गुरं राखायची, हे त्याला बदलायचं होतं. स्वतंत्र प्रांत, विधिमंडळात जागा, जमिनीवर हक्क, शिक्षणाची जबाबदारी राज्याची, या त्याच्या सगळ्या मागण्यांचं मूळ तिथे आहे.

१९४६ साली तो बिहारमधून संविधानसभेत गेला. डिसेंबरात उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. १७ डिसेंबरला बाबासाहेब बोलले, १९ तारखेला जयपाल. त्याने स्वतःची ओळख जंगली म्हणून करून दिली, लाजत नाही तर ताठ मानेने. आपण हजारो वर्षं या मातीत आहोत आणि बाहेरून आलेल्यांनी आपल्याला सतत हुसकावलं, हे सांगून त्याने सभागृहाला बजावलं की आदिवासींना लोकशाही शिकवायच्या भानगडीत पडू नका, ती त्यांच्याकडूनच शिकण्यासारखी आहे. तरीही नव्या भारतावर विश्वास ठेवायला आम्ही तयार आहोत, असंही म्हणाला. सभेत पुरुष फार आणि स्त्रिया कमी आहेत, ही तक्रारही त्याने केली. मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न शेवटच्या पानावर ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, १९४६ साली हा माणूस ते बोलला होता.

याच कामातला एक तुकडा थेट बालाघाटला येऊन भिडतो. इंग्रजांनी १९३५ च्या कायद्याखाली काही आदिवासी भाग ‘अंशतः वगळलेले’ ठरवले होते. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यात मांडला जिल्हा होता, मेळघाट होतं, चांद्याच्या जमीनदाऱ्या होत्या आणि बालाघाटची बैहर तहसीलही होती. स्वतंत्र भारतात या भागांचं काय करायचं हे ठरवायला १९४७ साली उपसमिती नेमली. अध्यक्ष ठक्कर बाप्पा, आणि सदस्यांत जयपालसिंह. ठक्कर बाप्पा मूळ भावनगरचे, पण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे आणि दाहोदच्या भिल्लांत आयुष्य घातलेले. एक सेवा करणारा, दुसरा हक्क मागणारा. दोघांचे सूर नेहमी जुळत नसत, आणि ते बरंच झालं. या सगळ्या खटाटोपातून संविधानाची पाचवी अनुसूची आली. बैहरचा भाग आजही अनुसूचित क्षेत्र आहे.

शब्दावरूनही तो भांडला. हिंदी भाषांतरात ‘वनजाति’ असा शब्द आला होता. जयपालचा आग्रह ‘आदिवासी’ या शब्दाचा होता. वनात राहतो ही आमची ओळख नाही, आम्ही इथले पहिले आहोत ही ओळख आहे, असं त्याचं म्हणणं. संविधानात शेवटी ‘शेड्यूल्ड ट्राइब’ आलं. मध्य प्रदेशाच्या दाखल्यावर ‘अनुसूचित जनजाति’, महाराष्ट्राच्या दाखल्यावर ‘अनुसूचित जमाती’, आणि माणसं एकमेकांत बोलताना ‘आदिवासी’च म्हणतात. एवढंच नाही, दारूबंदीचं कलम आलं तेव्हाही तो उभा राहिला. तांदळाची हंडिया हा आमच्या पूजेचा आणि शेतीच्या श्रमाचा भाग आहे, आम्हाला न विचारता हे ठरवू नका, असं त्याने सांगितलं. आपल्याकडे मोहाबद्दल हेच कुणी म्हटलं असतं तर सभ्य मंडळींनी नाक मुरडलं असतं. तिकडेही मुरडलंच.

संविधानाच्या ४६ व्या कलमात दुर्बल घटकांच्या आणि विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर आली. मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती आधी १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली होती, ती १९४८-४९ पासून आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून. हे सगळं एकट्या जयपालने आणलं असं म्हणणं खोटं होईल. पण आज जी मुलगी मोबाईलवर पोस्ट मॅट्रिकचा फॉर्म भरते, तिला कुणाच्या दारात उभं राहून माझी परिस्थिती गरीब आहे हो, असं सांगावं लागत नाही. तिचा हक्क आहे, ती अर्ज करते.

अर्थात हक्क कागदावर आला म्हणून वाट सपाट झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाटचं विद्यार्थी-जीवन सरळ होतं. राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा तीच, बोली पुष्कळशी तीच, लांजी-कटंगीच्या घरात मराठी तशीच, पण नागपूर परराज्य झालं. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला त्याचं मूळ राज्य देतं. म्हणजे बैहरची मुलगी नागपूरला शिकत असेल तर तिची कागदपत्रं मध्य प्रदेशच्या कचेरीत फिरतात आणि फीची पावती मागते महाराष्ट्रातलं कॉलेज. दोन राज्यांच्या तारखा जुळेपर्यंत मेसचे तीन महिने थकतात. ज्या कॉलेजात हे समजून घेणारा एखादा क्लार्क किंवा एखादी प्राध्यापिका असते, तिथली मुलं टिकतात. तिथे अजूनही कॉसग्रेव्ह लागतोच, लहानसा का होईना.

जयपालचं पुढचं राजकारण चढउताराचं. १९५० च्या आरंभी महासभेची झारखंड पार्टी झाली आणि बिगरआदिवासींनाही दार उघडलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कोंबडा या चिन्हावर तीसहून अधिक जागा मिळवून ती बिहार विधानसभेतला मोठा विरोधी पक्ष बनली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने झारखंडची मागणी फेटाळली. मग पक्षाची ताकद ओसरत गेली आणि १९६३ साली जयपालने तो काँग्रेसमध्ये विलीन केला. त्याच्या लोकांना हा घाव वाटला, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. ज्याने पाद्री व्हायला नकार दिला, आयसीएसला नकार दिला, त्याला साठाव्या वर्षी हा नकार देता आला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याने इंग्रजांच्या सैन्यभरतीला साथ दिली, त्यावरही टीका झाली. खासदार मात्र तो १९५२ पासून शेवटपर्यंत होता. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्याचं निधन झालं. झारखंड राज्य झालं त्यानंतर तीस वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जन्मदिवशी. त्याच्या आठवणींचं पुस्तक छापून यायला २००४ साल उजाडलं.

२०२१ साली झारखंड सरकारने ‘मरङ गोमके जयपालसिंह मुंडा’ या नावाने परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. आदिवासी विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये पुढचं शिक्षण घेण्यासाठी फी, राहण्याजेवणाचा खर्च आणि प्रवास, सगळं सरकारकडून. सुरुवातीला वर्षाला दहा जागा होत्या. नंतर त्या वाढवल्या आणि इतर मागास व अल्पसंख्य विद्यार्थ्यांनाही त्यात घेतलं. पहिल्या वर्षी निवडलेल्या सहा विद्यार्थ्यांचा सप्टेंबर २०२१ मध्ये रांचीत सत्कार झाला. आईवडील सोबत बसले होते. त्यानंतर ती मुलं इंग्लंडच्या विमानात बसली.